बॅटरीवर असताना लॅपटॉपचं घड्याळ मागं पडतं. दोष पॉवर सेव्हिंगचा की सेलचा?

अर्धासेकंद (धागाकर्ता)

मंडळी, जरा मदत हवी आहे.

लॅपटॉप आठव्या पिढीचा, कॉफी लेक, सहा कोअर. लिनक्स, कर्नल (सिस्टमचा गाभा) ४.१५, त्यापुढचे अपडेट घेतलेले नाहीत. टीएलपी (बॅटरी वाचवणारं लिनक्सचं साधन) चालू आहे. लक्षणं अशी:

चार्जर लावलेला असला की घड्याळ चोख. चार्जर काढून नुसता उघडा ठेवला, पीडीएफ वाचत बसलं, की तासाला दोन-तीन मिनिटं मागं पडतं. त्याच वेळी व्हिडिओ लावला किंवा काही कंपाइल करायला घातलं तर मागं पडत नाही. नेट असेल तर मधूनच उडी मारून वेळ जुळते, नेट नसेल तर फरक वाढतच जातो. परिणाम म्हणजे लॅपटॉपवरच्या ओटीपी अ‍ॅपचे कोड नाकारले जातात आणि मेक (सोर्स फाइलींतून प्रोग्राम बांधणारं साधन) दर वेळी 'फाइलची वेळ भविष्यातली आहे' म्हणून कुरकुरतं.

प्रश्न तीन. पॉवर सेव्हिंगमुळे घड्याळ बिघडू शकतं का? सीएमओएसचा सेल (मदरबोर्डवरचा, घड्याळाचा छोटा सेल) बदलावा का? टीएलपी काढून टाकावं का?

चिमटा

घड्याळ मागं पडत नाहीये, तुम्हीच काळाच्या पुढं गेलाय. (ह. घ्या.)

सेलवाला

सरळ सेल बदला. सीआर२०३२ असतो, मागचं झाकण उघडलं की दिसतो. शंभरातल्या नव्वद वेळा तोच असतो.

काटेकोर

सेलवाला, नव्वद वेळा तो असेलही, पण ही उरलेल्या दहांतली केस आहे.

लॅपटॉपमध्ये घड्याळं दोन. एक आरटीसी, म्हणजे ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालणारं छोटं सर्किट. मशीन बंद असताना वेळ हेच धरून ठेवतं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टमचं घड्याळ. ते बूट होताना आरटीसीकडून एकदा वेळ घेतं आणि मग प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या काउंटरवर स्वतंत्र चालतं. मशीन जागं असेपर्यंत सिस्टमचं घड्याळ पुढं सरकवायला कोणी आरटीसीला विचारत नाही. शिवाय मुख्य बॅटरीत चार्ज आहे तोवर आरटीसीला वीज तिकडूनच मिळते, सेलला हातही लागत नाही. म्हणजे चालू मशीनचं घड्याळ तासाला तीन मिनिटं मागं पडत असेल तर सेलचा काडीचाही संबंध नाही.

म्हणून पहिली पायरी निदानाची. वेळ कधी हरवते ते शोधा: चालू असताना, झोपेत, की पूर्ण बंद असताना. तिन्हींची कारणं वेगळी, औषधं वेगळी. पद्धत अशी:

१. टाइमसिंकडी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणारी सेवा, थांबवा (टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स). नाहीतर ते मधूनच वेळ दुरुस्त करणार आणि मोजमापाची वाट लागणार.
२. क्रोनीडी -क्यू (कॅपिटल क्यू) नं वेळेच्या सर्व्हरशी फरक किती ते बघा (क्रोनी हेही वेळ जुळवणारंच साधन). हा पर्याय नुसता फरक छापतो, घड्याळाला हात लावत नाही. लहान क्यू दिलात तर वेळ बदलेल, सांभाळा.
३. एक तास जागं ठेवून परत बघा. मग एक तास सस्पेंड करून. मग एक तास शटडाउन करून.
४. प्रत्येक वेळी एचडब्ल्यूक्लॉक --शो नं आरटीसीची वेळही टिपा.

सिस्टम चुकली आणि आरटीसी बरोबर राहिलं तर सेल, स्फटिक सगळे निर्दोष.

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना मूळ स्पेलिंग.)

स्फटिक_३२७६८

काटेकोरशी सहमत. आकड्यांनी बघितलं तर आणखी स्पष्ट होतं.

स्फटिकाची चूक पीपीएममध्ये मोजतात, दहा लाखांत किती. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. आरटीसीचा साधा स्फटिक अधिक-उणे २० पीपीएमचा असतो: दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला मिनिटाच्या आत. वर तापमान. त्या ट्यूनिंग फोर्क स्फटिकाचा वक्र उलट्या वाटीसारखा असतो, माथा २५ अंशांच्या आसपास. तिथून जितकं दूर जाल त्याचा वर्ग गुणिले ०.०३४ पीपीएम इतका तो मंद होतो, गरम असो की गार. ४५ अंशांना २० चा वर्ग ४००, म्हणजे १३.६ पीपीएम. ५ अंशांनाही तेवढाच. थंड खोलीत बंद पडून राहिलेला लॅपटॉप रोज सेकंदभर मागं पडतो तो यामुळे.

आता धागाकर्त्याचा आकडा. तासाला तीन मिनिटं म्हणजे ३,६०० सेकंदांत १८०, म्हणजे ५ टक्के, म्हणजे ५०,००० पीपीएम. असा स्फटिक जगात नाही. इथे कुणीतरी टिक चुकीची मोजत नाहीये, मोजायचीच सोडतंय.

निवृत्त_टिक

मोजायची सोडण्याला मोठी परंपरा आहे.

पूर्वी कर्नल वेळ मोजायचा तो ८२५४ टायमरच्या इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला मारलेल्या हाकेवर. चिप चालते ११,९३,१८२ हर्ट्झवर, कर्नल तिला सांगतो 'सेकंदाला १०० वेळा हाक मार' आणि प्रत्येक हाकेला घड्याळ १० मिलिसेकंदांनी पुढं सरकतं. गोम अशी की लॅपटॉपचं बायोस मधूनच एसएमआय नावाचा इंटरप्ट लावून प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेतं. बॅटरीची पातळी विचार, पंख्याचा वेग बदल, असली कामं. ती चालू असताना ऑपरेटिंग सिस्टमला काही ऐकू येत नाही. १०० हर्ट्झला दोन-तीन मिलिसेकंदांचा खोळंबा पचायचा, कारण हाक थोडी उशिरा पोचली तरी एकच पोचायची. लिनक्स २.६ मध्ये वेग १००० हर्ट्झ केला आणि तेवढ्याच खोळंब्यात दोन-तीन हाका एकावर एक पडून एकच मोजली जायला लागली. बॅटरी मीटर टास्कबारवर ठेवलं तर घड्याळ मागं, काढलं तर बरोबर, असला प्रकार. २.६.१३ मध्ये मूळ सेटिंग २५० वर आणलं त्यामागं हेही एक दुखणं होतं.

दुसरं दुखणं टीएससीचं. पेंटियमपासून (१९९३) प्रोसेसरमध्ये हा काउंटर आहे, पण तेव्हा तो प्रोसेसरच्या घड्याळावरच चालायचा. स्पीडस्टेपनं (वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवायची सोय) वेग अर्धा केला की टीएससीही अर्धा. आणि प्रोसेसर सी३ या गाढ झोपेत गेला (झोपेच्या या पायऱ्या म्हणजे सी-स्टेट) की थांबायचा. म्हणून जुन्या लॅपटॉपवर क्लॉकसोर्स=एसीपीआय_पीएम, म्हणजे वेळ पीएम टायमरवरून मोज, असं लिहायचा सल्ला मिळायचा. तो टायमर चिपसेटमध्ये ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर चालतो, प्रोसेसर झोपला काय, जागा काय, त्याला सोयरसुतक नाही.

उगाचशंका

काका, मग आताही एसीपीआय_पीएम लावून मोकळं व्हायचं ना? प्रश्नच मिटला.

निवृत्त_टिक

मिटतो, पण भुर्दंड पडतो. टीएससी वाचायला शंभराच्या आत नॅनोसेकंद लागतात आणि कर्नलमध्ये शिरावंही लागत नाही. पीएम टायमर म्हणजे चिपसेटपर्यंत फेरी, साधारण मायक्रोसेकंद, आणि दर वेळी सिस्टम कॉल. ब्राउझर, डेटाबेस सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारतात. शिवाय हा काउंटर बहुधा २४ बिटांचा वापरला जातो. १,६७,७७,२१६ भागिले ३५,७९,५४५, म्हणजे ४.६९ सेकंदांत शून्यावर येतो. फेरा पूर्ण व्हायच्या आत कर्नलला जागं होऊन तो वाचावाच लागतो, म्हणजे लांब झोप नाही. बॅटरी वाचवायला निघालात आणि डुलक्यांवर आलात.

नव्या प्रोसेसरवर (साधारण नेहेलमपासून, २००८) टीएससीचा वेग ठरलेला असतो आणि तो गाढ सी-स्टेटमध्येही थांबत नाही. /प्रॉक/सीपीयूइन्फो मध्ये कॉन्स्टंट_टीएससी आणि नॉनस्टॉप_टीएससी हे दोन्ही शब्द दिसले की तो विश्वासाचा.

टर्मिनलवाला

इतिहास छान, पण धागाकर्त्याच्या वर्णनातला धागा कुणी पकडलाच नाही. काम असताना वेळ बरोबर, रिकामं असताना मागं. एसएमआयचं दुखणं असतं तर कामाशी त्याचा असा थेट संबंध दिसला नसता. म्हणजे झोपेत थांबणारा काउंटर घड्याळ चालवतोय.

धागाकर्ते, एवढं टाका:

– /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/ या फोल्डरमधल्या करंट_क्लॉकसोर्स आणि अव्हेलेबल_क्लॉकसोर्स या दोन फाइलींत काय आहे
– डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) 'क्लॉकसोर्स' आणि 'टीएससी' शोधून येणाऱ्या ओळी
– बॅटरीवर रिकामं ठेवून टर्बोस्टॅटमधला पीसी१०चा रकाना (अख्खा प्रोसेसर सर्वांत गाढ झोपेत किती टक्के वेळ होता ते)

खिडकीवाला

मधेच घुसतोय. विंडोजवरही असं होतं का? इथे तर घड्याळ आठवडाभर कुणी जुळवतंय असं वाटतच नाही.

काटेकोर

खिडकीवाला, वाटतंय ते खरं आहे. डोमेनमध्ये नसलेल्या विंडोजवर वेळेची सेवा (डब्ल्यू३२टाइम) सतत चालू नसते. नेटवर्क आलं, ठरलेलं काम आलं की उठते, काम करून झोपते. स्पेशलपोलइंटरव्हलची जुनी ठरलेली किंमत ६,०४,८०० सेकंद, म्हणजे बरोबर एक आठवडा. २० पीपीएमच्या घड्याळाला तेवढ्यात १२ सेकंद मिळतात चुकायला, आणि नेमक्या त्या घटकेला लॅपटॉप झोपलेला असला की पुढची तारीख.

अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर:

डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस, शेवटची जुळवणी कधी आणि कुठून झाली ते.
डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:पूल.एनटीपी.ऑर्ग /डेटाओन्ली /सॅम्पल्स:५, फरक नुसता मोजायला.
डब्ल्यू३२टीएम /रीसिंक /फोर्स, जुळवायला. सेवा चालू नाही म्हणाला तर आधी नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम.

अंतर कमी करायचं तर रजिस्ट्रीत एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\सर्व्हिसेस\डब्ल्यू३२टाइम\टाइमप्रोव्हायडर्स\एनटीपीक्लायंट इथे स्पेशलपोलइंटरव्हल ३,६०० करा आणि सेवा ऑटोमॅटिक करा.

खिडकीवाला

आभार. आणि ते 'बीसीडीएडिट /सेट यूजप्लॅटफॉर्मक्लॉक ट्रू' करा म्हणून सगळीकडे लिहिलेलं असतं, ते?

टर्मिनलवाला

करू नका, केलं असेल तर बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू यूजप्लॅटफॉर्मक्लॉक नं काढून टाका आणि रीबूट करा. त्यानं विंडोज टीएससी सोडून एचपीईटीसारख्या (चिपसेटमधला आणखी एक काउंटर) प्लॅटफॉर्म टायमरवर जातं. वाचन महाग होतं, आणि का नको त्याचं दुसरं कारण बहुधा धागाकर्त्याच्या पुढच्या प्रतिसादात येईल.

अर्धासेकंद (धागाकर्ता)

घ्या:

करंट_क्लॉकसोर्स: एचपीईटी
अव्हेलेबल: एचपीईटी एसीपीआय_पीएम (टीएससी यादीतच नाही!)
डीमेसेज: 'क्लॉकसोर्स: टाइमकीपिंग वॉचडॉग ऑन सीपीयू२: मार्किंग क्लॉकसोर्स टीएससी अ‍ॅज अनस्टेबल बिकॉज द स्क्यू इज टू लार्ज'. ही ओळ बूटनंतर अकरा मिनिटांनी आली, चार्जर काढल्यावर लगेच.
सीपीयूइन्फो: कॉन्स्टंट_टीएससी, नॉनस्टॉप_टीएससी दोन्ही आहेत.
पीसी१०: चार्जरवर ०. बॅटरीवर रिकामं असताना ४ ते ६ टक्के.
काटेकोरांची चाचणी: तासाभरात सिस्टम २ मिनिटं ५० सेकंद मागं, आरटीसी जिथल्या तिथं.

म्हणजे टीएससी खराब आहे ना? प्रोसेसर गेला का?

टर्मिनलवाला

प्रोसेसर ठणठणीत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे.

कर्नल टीएससीवर आंधळा विश्वास ठेवत नाही. दर अर्ध्या सेकंदाला एक पहारेकरी टीएससीचा हिशेब दुसऱ्या काउंटरशी ताडून बघतो. तुमच्या कर्नलमध्ये दोघांत ६२.५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त तफावत आली की टीएससीवर 'अनस्टेबल' शिक्का. ताडून बघायला वापरलेला काउंटर होता एचपीईटी. आणि या पिढीत प्रोसेसरचं अख्खं पॅकेज पीसी१० या सर्वांत गाढ अवस्थेत गेलं की एचपीईटीच मोजणी सोडतो. टीएससी बिचारा बरोबर मोजत राहिला, एचपीईटी झोपून उठला, तफावत निघाली आणि नियमाप्रमाणे दोष टीएससीवर गेला. पुढं तर कहरच: शिक्का बसल्यावर घड्याळ चालवायला दिलं कुणाच्या हाती, तर त्याच एचपीईटीच्या. आता पॅकेज जितका वेळ पीसी१० मध्ये, तितकी वेळ गायब. तुमचा पीसी१० चार ते सहा टक्के, तुमचं घड्याळ पाच टक्के मागं. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळायचा नाही.

चार्जरवर का होत नाही? टीएलपी बॅटरीवर असताना पीसीआय एक्सप्रेसची एएसपीएम (रिकाम्या जोडण्या झोपवणारी) बचत आणि उपकरणांचं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट चालू करतं. ती सगळी उपकरणं झोपल्याशिवाय पॅकेजला पीसी१० पर्यंत उतरता येत नाही. चार्जरवर एखादं जरी जागं राहिलं तरी वाट अडते. व्हिडिओ चालू असताना तेच. टीएलपीनं काही बिघडवलं नाही, त्यानं फक्त दार उघडलं.

इलाज:

१. सर्वांत बरा: कर्नल अपडेट. कॉफी लेकवर एचपीईटी आपोआप बंद करायची दुरुस्ती २०१९ च्या अखेरीस, ५.४ च्या सुमारास आली. सगळ्या चिप एकदम नाहीत, ओळखक्रमांकांनुसार टप्प्याटप्प्यानं आल्या. नंतर पीसी१० असलेल्या मशीनवर सरसकट तपासणी आली.
२. अपडेट जमत नसेल तर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्टच्या अवतरणचिन्हांत एचपीईटी=डिसेबल जोडा, सुडो अपडेट-ग्रब, रीबूट. /प्रॉक/सीएमडीलाइन मध्ये ते दिसतंय का बघा. मग ताडून बघायला पीएम टायमर येईल, आणि तो या झोपेत थांबत नाही.

एक चूक टाळा: करंट_क्लॉकसोर्समध्ये टीएससी एको करून काही होणार नाही. शिक्का बसला की नाव यादीतूनच जातं. रीबूटच लागतो.

चिमटा

म्हणजे पहारेकरीच झोपला, आणि उठून म्हणाला की जागा असलेला खोटं बोलतोय. असं ऑफिसातही बघितलंय.

उगाचशंका

टीएससी=रिलायबल दिलं की झालं ना? पहाराच बंद.

निवृत्त_टिक

या मशीनवर चालेल. पण मी देणार नाही. काही बायोस बूट होताना किंवा झोपेतून उठताना वेगवेगळ्या कोअरचे टीएससी वेगवेगळ्या आकड्यांवर सोडतात. तसं झालं तर तो पहारेकरीच आपल्याला वाचवतो. तो काढला तर एका कोअरवर विचारलेली वेळ दुसऱ्या कोअरपेक्षा मागची येईल, आणि ते शोधता शोधता नाकी नऊ येतील. वाईट पहारेकरी बदलावा, पहारा काढू नये.

बचतगट

आणखी एक सल्ला फिरतो: इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१. यानं घड्याळ खरंच सुधारतं, कारण गाढ झोपच बंद होते. पण प्रोसेसर कायम अर्धवट जागा राहतो, बॅटरी आणि पंखा दोघांचंही दिवाळं. निदान करायला एकदा बूट करून बघा, फरक पडला तर झोपेचाच प्रश्न आहे हे कळतं. कायम ठेवू नका.

आलोआलो

वेळ मोबाइलवरही दिसते की. दोन मिनिटांसाठी एवढा खटाटोप?

काटेकोर

माणसाला चालतं, मशीनला नाही. ओटीपी अ‍ॅपचा कोड ३० सेकंदांच्या खिडकीवर चालतो, सर्व्हर फार तर आजूबाजूची एखादी खिडकी चालवून घेतो. कर्बेरॉस (ऑफिसच्या नेटवर्कवरची ओळख-पडताळणी) लॉगिनला ठरलेली सूट ५ मिनिटं. मेक फाइलींच्या वेळा बघून काय बांधायचं ते ठरवतं, वेळ मागंपुढं झाली की बदललेली फाइल बांधायचीच राहते आणि तुम्ही तासभर नसलेला बग शोधत बसता. तारीखच चुकली तर सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून ब्राउझर एकही साइट उघडत नाही.

तरंग

पॉवर सेव्हिंगचा आणखी एक उपद्व्याप राहिलाच, वाय-फायचा. यात घड्याळ बिघडत नाही, घड्याळ जुळवणं बिघडतं.

वाय-फाय कार्ड बचतीच्या अवस्थेत झोपतं आणि राउटर त्याची पाकिटं अडवून धरतो. कार्ड बीकन (राउटरची ठरावीक अंतरानं येणारी हाक) ऐकायला उठतं तेव्हा 'तुझं काही आहे' हे कळतं. बीकनचं नेहमीचं अंतर १०२.४ मिलिसेकंद. एनटीपीचा (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) हिशेब धरून चालतो की जायला जितका वेळ लागला तितकाच यायला. इथे जाताना पाकीट लगेच जातं, येताना अडकतं. १०० मिलिसेकंद अडकलं तर निम्मी, म्हणजे ५० मिलिसेकंदांची चूक, आणि तीही एकाच दिशेनं: आपलं घड्याळ पुढं आहे असा समज होऊन ते मागं ओढलं जातं.

उपाय: आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ. कायमचं करायला नेटवर्कमॅनेजरच्या कनेक्शन विभागात वायफाय.पॉवरसेव्ह = २ (२ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू, उलटं लक्षात ठेवू नका).

स्फटिक_३२७६८

तरंग, तत्त्वतः बरोबर, पण बरीच कार्डं पाकीट पाठवल्यावर लगेच झोपत नाहीत, शंभर-दोनशे मिलिसेकंद जागी राहतात. सर्व्हर जवळचा असेल तर उत्तर त्याआधीच येतं. शिवाय क्रोनी कमी विलंबाच्या नमुन्यांना जास्त वजन देतो, अडकलेली पाकिटं आपोआप मागं पडतात. बचत घालवण्याआधी क्रोनिसी सोर्सस्टॅट्समधलं विचलन बघा.

तरंग

मान्य, क्रोनी असेल तर. टाइमसिंकडी साधा एसएनटीपी (एनटीपीची सोपी आवृत्ती) आहे, इतकी छाननी तो करत नाही. मिलिसेकंदांशी देणंघेणं नसेल तर दोन्ही सोडून द्या.

झोपाळू

झोपेवरून: चालू असताना बरोबर, पण झाकण लावून उघडलं की अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे. हे कशामुळे?

काटेकोर

कारण एस३ झोपेत (गाढ सस्पेंड) मुख्य काउंटर बंद असतात आणि उठल्यावर कर्नल आरटीसीला विचारतो, 'किती वेळ गेला?' आरटीसी सेकंदाच्या खाली सांगत नाही. दहा वाजून पाच सेकंद आणि काही हजारांश असोत की पाऊणच्या वर, उत्तर 'पाच'. म्हणून दर झोपेला सेकंदापर्यंतची चूक शक्य आहे. वारंवार झोपवलं तर ती साचू नये म्हणून लिनक्स आधीचा फरक लक्षात ठेवून भरपाई करतो, पण पहिल्या सेकंदाला इलाज नाही. लांब झोपेत त्यात आरटीसीचे २० पीपीएम.

एस२आयडल (हलकी सस्पेंड) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बऱ्याच मशीनवर टीएससी चालूच राहतो आणि कर्नल त्यावरून अचूक वेळ काढू शकतो. /सिस/पॉवर/मेम_स्लीप मध्ये चौकटी कंसात काय आहे ते बघा. 'डीप' म्हणजे एस३.

दुरुस्ती किती वेळात होते हे कुणी जुळवतंय त्यावर. एनटीपीडी (वेळ जुळवणारी आणखी एक सेवा) वेळ हळूहळू सरकवतो तो ५०० पीपीएमनं: एक सेकंद भरायला २,००० सेकंद, तेहतीस मिनिटं. १२८ मिलिसेकंदांच्या वर फरक टिकून राहिला तरच उडी मारतो, आणि फरक १,००० सेकंदांवर गेला तर -जी पर्यायाशिवाय सरळ हात वर करून बंद पडतो. क्रोनी लिनक्सवर बारा सेकंदांत एक सेकंद भरतो. पण क्रोनीच्या बहुतेक तयार फाइलींत मेकस्टेप १.० ३ असतं, म्हणजे उडी फक्त पहिल्या तीन जुळवण्यांत. उठल्यावर फरक तीन मिनिटांचा असेल तर तो ३६ मिनिटं सरकवत बसेल. लॅपटॉपला मेकस्टेप १ -१ बरं, कधीही उडी मारायची मुभा. डेटाबेस चालवत असाल तर नको, मागं मारलेली उडी त्यांना झेपत नाही.

सोबत क्रोनीच्या फाइलीत आरटीसीसिंक ठेवा. घड्याळ जुळलेलं असेपर्यंत कर्नल दर ११ मिनिटांनी आरटीसीत बरोबर वेळ लिहीत राहतो. मात्र ते चालू असताना एचडब्ल्यूक्लॉकची /ईटीसी/अ‍ॅडजटाइम वाली चुकीची सरासरी काढायला जाऊ नका. कर्नल आरटीसी सारखं पुसत असतो, सरासरी खोटी निघते.

टर्मिनलवाला

अवांतर, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी: लिनक्सवर क्लॉक_मोनोटोनिक झोपेचा वेळ मोजत नाही, क्लॉक_बूटटाइम मोजतो. 'आठ तासांनी टोकन संपव' हे मोनोटोनिकवर लिहिलंत तर रात्रभर झाकण लावलेल्या लॅपटॉपवर ते टोकन सकाळीही ताजं असतं.

आणि लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन असेल तर यजमान झोपून उठल्यावर पाहुण्याचं घड्याळ झोपण्याच्या वेळेवरच अडकू शकतं. डब्ल्यूएसएल२ मध्ये असं झालं तर सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस.

ड्युअलबूट

माझं नेमकं टाइमझोनच्या फरकाएवढं चुकतं, विंडोजमधून लिनक्समध्ये गेलं की.

काटेकोर

त्यात पॉवरचा संबंध नाही. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). विंडोजमध्ये एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\टाइमझोनइन्फर्मेशन इथे रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाचा डीवर्ड १ करा. विंडोजचा फास्ट स्टार्टअपही बंद करा.

अर्धासेकंद (धागाकर्ता)

निकाल. आधी एचपीईटी=डिसेबल करून बघितलं. करंट_क्लॉकसोर्स आता टीएससी, डीमेसेज शांत. सहा तास बॅटरीवर, टीएलपी चालू, पीसी१० तसाच ५ टक्क्यांच्या आसपास. टाइमसिंकडी काढून क्रोनी घातला. क्रोनिसी ट्रॅकिंग म्हणतो फ्रीक्वेन्सी ११.४ पीपीएम स्लो, सिस्टम टाइमचा फरक २ मिलिसेकंदांच्या आत. कर्नल अपडेट पुढच्या आठवड्यात, तेव्हा पॅरामीटर काढून परत मोजेन.

११.४ पीपीएम ही चूक राहिली का?

स्फटिक_३२७६८

नाही, ती तुमच्या मुख्य स्फटिकाची खोड आहे आणि क्रोनी ती सतत भरून काढतोय. नेट नसलं तरी ड्रिफ्टफाइलमध्ये आधी मोजून ठेवलेल्या आकड्यानं भरत राहतो. भरली नसती तरी दिवसाला एक सेकंद. लॅपटॉप तापला-निवला की आकडा थोडा हलेल, घाबरू नका.

सेलवाला

म्हणजे सेल बदलायचा नाही?

टर्मिनलवाला

तारीख थेट बायोसच्या जन्मतारखेवर गेली, किंवा मुख्य बॅटरी पूर्ण उतरल्यावर वेळ गेली, तर बदला. मीटरवर नवा ३ व्होल्ट दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला फार दिवस टिकत नाही. तीन सावधगिऱ्या: आधी मुख्य बॅटरीची केबल काढा. लॅपटॉपमध्ये सेल बरेचदा दोन तारांच्या कनेक्टरवर असतो आणि अधिक-उण्याची जागा मॉडेलप्रमाणे उलटी असू शकते, जुना-नवा शेजारी ठेवून तारांचे रंग बघा. आणि डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा, बायोस सेटिंग पुसल्यावर मशीन ती मागू शकतं. काही नव्या मॉडेलमध्ये सेलच नसतो, आरटीसी मुख्य बॅटरीवर चालतं. झाकण उघडण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल बघा.

सेलवाला

झाकण उघडलंय. सेल नाहीये.